पाणी काढलं आहे

तोटी पांढऱ्या प्लॅस्टिकची, अंगठ्याएवढी,
रेडिएटरच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात,
जिथं हात जातो पण मनगट वळत नाही.
गाडी विटांवर. मी पुठ्ठ्यावर उताणी.
आत-बाशीत ऑक्टोबर सरत आलाय,
डोंगराच्या कमरेपर्यंत बर्फ उतरलंय,
आणि मागच्या मालकानं कूलंट म्हणून
काय भरून ठेवलंय देव जाणे,
झाकण उघडलं तर चहाच्या चोथ्याचं पाणी.
उणे तीसला हे गोठलं की इंजिन फुटलंच.

आधी बोटांनी. मग फडक्यात धरून.
मग किटलीभर कढत पाणी बेतानं ओतलं,
अर्धं माझ्याच बाहीत.
शेजारचा तुर्दुबेक कुंपणावरून म्हणाला,
"गंजाचं तेल मार."
प्लॅस्टिकला कसला गंज, तुर्दुबेक?
"मग ठोक जरा."
ठोकायला ह्याचं काय जातं. नवा रेडिएटर
बिश्केकहून येतो, तीन मेंढ्यांच्या भावात.

पक्कड लावायला टॉर्च जवळ नेला, तेव्हा दिसलं:
तोटीच्या पाकळीवर आधीच दातांचे ओरखडे,
एकावर एक, ताजे,
आणि सगळे एकाच बाजूला ओढलेले.
आवळायच्या बाजूला.

मी तशीच पडून राहिले.
गेले पंधरा-वीस दिवस रात्री दार वाजायचं.
वाटायचं, बाबा लघवीला उठले असतील.
सकाळी त्यांच्या कोपरांना माती.

डोलोनच्या घाटात एकतीस हिवाळे
बाबांनी झिल ट्रक चालवला.
त्यात नुसतं पाणी असायचं. मुक्कामाला थांबलं
की आधी पाणी सोडायचं, मग आपलं जेवण.
पितळी तोटी. रोज उघडायची, रोज मिटायची,
कधी अडली म्हणून नाही.
आणि स्टिअरिंगला पत्र्याची पाटी टांगायची,
पहाटे कुणी झोपेत इंजिन सुरू करू नये म्हणून:
पाणी काढलं आहे.

हल्ली त्यांना माझं नाव सापडतं, सापडत नाही.
झुमागुल म्हणतात, नाहीतर आईचं नाव घेतात,
मी दोन्हींना ओ देते.
पण थंडी पडली की पाणी सोडायचं, हे हातांना सापडतं.
फक्त अंधारात, गाडीखाली,
डावं-उजवं उलटं होतं.
उघडतोय समजून रोज रात्री
थोडी थोडी आवळत गेले.
थेंब पडला नाही तेव्हा काय वाटलं असेल?
उशीर झाला, आधीच गोठलं?

शेवटी तोटीचा नाद सोडला.
खालच्या रबरी पाइपची क्लिप सरकवली,
पिळला, ओढला, शिव्या दिल्या,
आणि सगळं एकदम आलं, परातीत, मानेवर, कानात.
गोडसर वास. मोयनोक धावत आला चाटायला,
त्याला लाथेनं हाकललं. कुत्र्याला ते विष.
मग वाईट वाटलं, हाडूक दिलं.
दोनदा साध्या पाण्यानं धुतलं, तिसऱ्यांदा निवळ आलं.
हिरवं भरलं. हीटर पूर्ण सोडून इंजिन चालू ठेवलं,
बुडबुडे येत राहिले, येत राहिले,
थांबले.
बाबा शेजारच्या सीटवर, टोपी कानांपर्यंत,
गरम वाऱ्यापुढं दोन्ही तळवे धरून.
"सरपण चांगलं आहे," म्हणाले.

तोटी आहे तशीच आहे. उघडत नाही, गळतही नाही.

पाटी कोठीत सापडली, जुन्या लगामांखाली.
अक्षरं उडालेली. झोपण्याआधी
ती स्टिअरिंगला लटकवली.

दोनला दार वाजलं. मी खिडकीशी.
टॉर्चचा उजेड आधी गाडीखाली गेला,
मग काचेवर चढला,
पाटीवर थांबला.
बराच वेळ.

पक्कड खिशात घालून ते परत आले.
बूट काढता काढता मला म्हणाले,
"नव्या पोरानं आधीच सोडलंय पाणी.
कामाचा दिसतो."

मी म्हटलं, हो, बरा आहे.