अकरा माणसं

सकाळी साडेसहाला भवानी मंडपापाशी
गाडी उभी होती. माणशी नऊशे, नाष्टा धरून.
आम्ही बारा जण, आणि भूपाल मगदूम, गाइड,
गळ्यात शिट्टी, हातात चार घड्यांची यादी.
त्यानं नाव वाचलं तशी मी "हजर" म्हणाले
आणि अख्खी गाडी हसली.
एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरला काढली,
जात नाही ती सवय.

लोणी डोसा झाला. पन्हाळ्याच्या अलीकडं
डांबर सोडलं, मग गाडीही सोडली.
करवंदीच्या जाळ्यांतून वर, दम खात,
आणि डोंगराच्या पोटात एकदम खांब.

"पांडवांनी एका रात्रीत कोरलं बघा," भूपाल म्हणाला,
"कोंबडा आरवला, आणि ऱ्हायलं."
चष्मा पुसत एक पोरगा बोलला,
"नाही हो, भिक्खू राहायचे इथं पावसाळ्यात."
भूपालनं जरा विचार केला.
"दोन्ही धरा की मग. तिकीट तेवढंच हाय."

मी शेवटच्या खोलीत गेले.
खोली कसली, खोलीची सुरुवात:
हातभर आत, आणि पुढं डोंगर जसाच्या तसा.
भिंतीवर छिन्नीच्या रेघा, तिरक्या, सारख्या,
आणि मग एका जागी काहीच नाही.
तिथं बोट ठेवलं.
सांज झाली असेल. किंवा पैसे संपले.
किंवा कुणी जेवायला हाक मारली,
गडी उठला, मांडीवरची धूळ झटकली
आणि गेला तो गेलाच.
बाजूला खिळ्यानं कोरलेलं: संतोष + दीप.
दीपाचा काना तेवढा राहिलेला.

दुपारी डोह.
ओढ्यानं कातळ घासून घासून केलेला रांजण,
तोंड गोल, आत पाणी हिरवंगार, थिजल्यासारखं.
"चाळीस मिन्टं," भूपाल म्हणाला. "मधी जाऊ नका.
माझ्या आज्यानं बाजेची सगळी दोरी सोडली हुती,
टेकली न्हाई."
मग दिवसात पहिल्यांदा तो गप्प झाला.
पाण्याकडं पाठ करून बसला, शिट्टी ओठात धरून.

पोरं फोटोत. बायका पाय बुडवून भडंग खात.
मी चपला काढल्या, घड्याळ चपलेत ठेवलं,
ओढणी कमरेला आवळली.
"मावशी, पवायला येतंय काय?"

येत होतं. कागलला मामाच्या मळ्यात,
पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून
वरनं ढकललेली मी. एक दिवस डबा सुटला
आणि तो सुटलाय हे मला समोर तरंगताना दिसलं.
एकोणिसाव्या वर्षी लग्न.
सासरी विहीर होती. घागरीपुरती.

पाणी असं गार की आधी हाडांनाच कळलं.
दोन हात मारले, नाकात गेलं, ठसका,
मग पायांनी माझ्याकडून काम काढून घेतलं.
बुडी मारली. कातळाला हात लागला:
रेघा. तिरक्या, सारख्या, बोटाच्या पेराएवढ्या,
खाली, अजून खाली,
आणि कुठंच थांबलेल्या नाहीत.

वर आले ती कपारीत, झुकल्या दगडाखाली.
पाठीवर पडले, कान पाण्यात,
वर आभाळाचा एक तुकडा, परातीएवढा.
शिट्टी लांबून आली, दुसऱ्या कुणासाठी असावी तशी.
भूपाल उभा होता. तोंड आता पाण्याकडं.
यादीवर बोट. "अकरा."
माणसं परत मोजली. "अकरा."
मला एक शब्द बोलायचा होता फक्त, तोच, रोजचा.
मी एक श्वास थांबले.
अजून एक.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दोन श्वासांत भूपाल मगदूम
बुटांसकट कमरेपर्यंत पाण्यात उतरला होता.
मला बघून काही बोलला नाही.
परतीत ड्रायव्हरशेजारी बसला, बूट पचपच वाजत,
ना पांडव, ना भिक्खू.

भवानी मंडपापाशी त्यानं यादी पुन्हा काढली,
ओली, शाई पसरलेली.
माझ्या नावाशी आला आणि मान वर केली.
मी हात वर केला.
केसांतलं पाणी अजून मानेवरून उतरत होतं.