ओलं पोतं

विभागात डबल बास एकच.
अजनीच्या कुठल्याशा क्लबातला म्हणे,
तिथले नाच बंद पडल्यावर
लोडिंगच्या ऑटोतून आणून टाकलेला.
साठा-रजिस्टरात त्याची नोंद अशी:
मोठे व्हायोलिन, लाकडी, नग एक.

मी अर्जावर साधं व्हायोलिनच लिहिलं होतं.
जागा भरल्या होत्या.
रूबेन सर म्हणाले, हे त्याच घरातलं,
फक्त थोरलं. बोलतं कमी.
माझी उंची पाच फूट एक इंच.
आधी स्टुलावर चढून खुंट्या पिळायला शिकले,
सूर नंतर.

तीन महिने एकच काम.
सगळ्यांत खालची मोकळी तार, लांब गज,
घड्याळाकडे बघायचं नाही.
शेजारच्या खोलीत गायनाची मुलं खर्ज लावायची
आणि जिथे त्यांचा श्वास संपायचा
त्याच्याही खाली माझा बास नुसता उभा असायचा,
तळघरात दिवा न लावता बसलेल्या माणसासारखा.
बोटांना फोड आले, मग घट्टे.
बा लग्नाच्या बँडात मोठा भोंगा वाजवतो.
त्यानं माझा हात उजेडात धरला, उलटासुलटा केला.
"माह्या ओठायलेबी असेच पडले होते,
पहिल्या लगनसराईत."
एवढंच बोलला, आणि गणवेशाची बटणं पुसायला बसला.

वार्षिक कार्यक्रमाला झाशी राणी चौकापर्यंत न्यायचा होता.
ऑटोवाल्यानं खोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"ताई, ह्याची सीट अलग लागन."
दिली.

मार्च संपला की इथली हवा
लाकडातलंसुद्धा पाणी मागायला लागते.
सरांचा नियम: माणसानं खिशात कांदा ठेवावा,
बासच्या पाठीशी ओलं पोतं.
रोज सकाळी आठला, कूलरच्या टाकीत बुचकळून.
हे काम माझं.
कूलर एकाच सुरात घुमायचा,
आमच्या दुसऱ्या तारेपेक्षा किंचित उतरलेला.
महिनाभरात माझे कानही तेवढेच उतरले.
सर चिडायचे. म्हणायचे,
उत्पला, यंत्राशी जुळवून घेऊ नकोस.

मे महिन्यात चार दिवस कामठीला गेले,
मामेबहिणीचं लग्न.
पोत्याचं कुणालाच सांगितलं नाही.
सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

परत आले तर नत्थूजी दारातच.
"काल दुपारी फटाकन आवाज झाला.
मले वाटलं, ट्यूबलाइट फुटली."
वीतभर चीर, एफच्या आकाराच्या भोकापासून खाली.
बोट फिरवलं,
तांदळाच्या दाण्याएवढी कड लागली.
पोतं पापडासारखं वाळलेलं, खुर्चीवर, जसंच्या तसं.
सर रागावले नाहीत.
राळेची डबी उघडली, बंद केली, उघडली.

मोमिनपुऱ्यातले हनीफ मिस्त्री आले,
ढोलक्या आणि पेट्या दुरुस्त करणारे.
त्यांनी टिचकी मारली, कान लावला.
"छाती में कफ है. बाकी आदमी ठीक है."
स्टोव्हवर सरस तापवला, खोलीभर खुरांचा वास,
सुताराकडून उसने आणलेले सहा शिकंजे
आणि वर, दाबाला, सरांच्या घरचा वरवंटा.
तीन दिवस हात लावायचा नाही.
मी तीन दिवस तिथेच बसले.
पोतं ओलं करत राहिले, गरज नसताना.

आता बाकी सगळं ठीक आहे.
फक्त खालच्या तारेवर एका जागी बोट ठेवलं
की चीर बोलते,
बाटलीत माशी अडकावी तशी.
ती जागा टाळता येत नाही.
परीक्षेच्या तुकड्यात तो सूर अकरा वेळा येतो.
मोजलेत.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिल्याच वेळी मान वर केली.
"हा आवाज कसला?"
सर खिडकीबाहेर बघत होते.
मी म्हणाले, उन्हाळा आहे, सर.

ते हसले नाहीत. पुढे वाजवा म्हणाले.
मी उरलेले दहा वाजवले, एकही न चोरता.
संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं.
नत्थूजींनी दोन ग्लास आणले.
दुसरा मी पोत्यावर ओतला.