मापाड्याची आमरी

मिरज रस्त्याच्या नर्सरीत मी बोट दाखवलं
जांभळ्या झुबक्याकडं.
मगदूम अक्का म्हणाल्या, फुलं काय, दोन महिन्यांची पाहुणी.
मुळं बघा की, दादा.
आणि एक बिनफुलाचं, चार पानांचं रोप
पारदर्शक कुंडीसकट माझ्यापुढं धरलं.
आत जाड, पांढरट मुळं,
एकमेकांत पाय अडकवून झोपलेल्या पोरांसारखी.
स्थळ बघायला आल्यागत मी वाकून बघत राहिलो.
दोनशे ऐंशी सांगितले. दोनशे साठला दिलं.

त्यांनी सांगितलेलं नाव जिभेला झेपेना.
मी आमरी म्हणतो.
शिराळ्याकडं आंब्याच्या खोडांवर असायची,
मान अवघडेपर्यंत खालून बघायचो.

पाणी किती, ते कुणालाच धड सांगता येत नाही.
आठवड्याला दोनदा, म्हणतो एक.
बोट घालून बघा, म्हणतो दुसरा.
मी उचलून बघतो.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीची पोती तोलली,
काटा थरथरायच्या आधी कळायचं
कुठलं पोतं ओलं भरलंय.
कुंडी हलकी लागली की आत मुळं चांदीची झालेली असतात.
बादलीत बसवतो, दहा मिनिटं.
डोळ्यांदेखत हिरवी होतात.
मग विटांच्या तुकड्यांतून, कोळशातून
शेवटचा थेंब पडेस्तोवर निथळू देतो.
पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं
तर जुन्या बनियनच्या टोकानं टिपतो.
तिथंच कुजतं.

साचलेलं पाणी काय करतं ते मला कुणी शिकवू नये.
गावभागातल्या माझ्या घरात
भिंतीवरच्या घड्याळापर्यंत साचलं होतं, सहा दिवस.
तेव्हापासून विश्रामबागेत, लेकीकडं,
तिसरा मजला, पूर्वेची खिडकी.

पहिल्याच श्रावणात एक मूळ काळं पडलं.
ब्लेड गॅसवर धरून कापलं,
जखमेवर हळद दाबली.
पोत्यांनी मोजलेली वस्तू
चिमटीत धरताना हात कापला.

खालचे कुंभोजकर चहाला आले.
म्हणाले, बांडगूळच की हे, दुसऱ्याच्या जिवावर.
विद्याधर, जावई, पेपर वाचत होता.
शर्मीनं बशी जरा जोरात ठेवली.
नाही हो, मी म्हणालो,
बांडगूळ झाडाच्या आत शिरतं, रस पितं.
ही नुसती धरते.
खाते हवेतलं, पिते पावसाचं,
टेकायला तेवढं खोड लागतं.
एवढं बोलेस्तोवर बिस्किट चहात पडलं.
चमच्यानं काढत बसलो.

भादव्यात पानाखालून हिरवं टोक निघालं.
दांडी की मूळ?
रोज सकाळी चष्मा पुसून बघायचो,
आणि मागून शर्मी : बाबा, फूल?
मूळ होतं.
कुंडीत वळलंही नाही ते,
हवेत चाचपत चाचपत गेलं
आणि खिडकीच्या गजाला चिकटलं.

दिवाळीआधी रंगारी आला.
खिडकीशी थांबला. हे सोडवून घ्या, काका.
मी उठतच होतो.
विद्याधर बाहेर आला,
अर्ध्या गालाला दाढीचा फेस तसाच.
तेवढा गज राहू दे, म्हणाला,
आणि पुन्हा आरशाकडं गेला.

फूल अजून नाही.
सगळी खिडकी पांढरी आहे आता,
एक गज जुन्या निळ्या रंगाचा.