नंतर बघू

कॉटन मार्केटच्या मागं, सावजी भोजनालयाच्या वर
आमचा क्लास.
रश्श्याचा ठसका जिन्यानं चढत येतो
आणि अल्फिया मॅडम खोकत खोकत फळ्यावर लिहितात :
गिव्ह अप. गिव्ह इन. गिव्ह अवे.
वय तेवीस.
माझ्या दुकानातलं वेल्डिंग मशीन त्यांच्याहून मोठं आहे.

मी कूलरवाला, लीलाधर हेडाऊ.
मार्च ते जून मरायलाही फुरसत नसते,
तरी साडेआठला शटर पाडून येतो,
नखात खसची काडी अडकलेली असते.
मिहानकडच्या एका कंपनीचं पत्र आलं होतं :
चार नंबर बंद, कॅरी आउट रिपेअर.
कॅरी म्हणजे उचला, आउट म्हणजे बाहेर.
दोन पोरं लावली, भिंतीतून डक्ट उखडला,
अख्खा कूलर गेटाबाहेर उन्हात नेऊन ठेवला
आणि तिथं रिपेअर केला.
वॉचमन पाहतच राहिला.
दुसऱ्या दिवशी मी इथं फी भरली.

खेमराज धुर्वे टॅक्सी चालवतो, पेंचला पाहुणे नेतो.
त्यानं विचारलं,
'गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर.
मग हार मानणं मधात कुठून आलं, मॅडम?'
मॅडम पंख्याकडं पाहत बसल्या थोडा वेळ.
मग म्हणाल्या, 'तुम्ही आता काय करून राहिले?'
'मी? ऐकून राहिलो.'
'राहिले कुठं? खोली केली का भाड्यानं?'

त्या रात्री स्कूटर रेल्वे पुलाखाली आली तरी
माझं तेच चाललं होतं.
बोलून बसलो : खुर्ची नव्हती तिथं.
देऊन टाकलं : टाकलं नाही हो, हातात नीट ठेवलं होतं.
होऊन गेलं : कुठं गेलं?
बावन्न वर्षं बोलून राहिलो ही भाषा,
आणि एक क्रियापद दुसऱ्याच्या घरात
असं जावयासारखं पाय पसरून बसतं
हे कधी दिसलंच नव्हतं.

प्रमिला वासनिक कमी हसते.
क्लास सुटला की ती धंतोलीत जाते,
एका म्हाताऱ्या बाईंची रात्रपाळी :
गोळ्या, कूस बदलणं, चादर बदलणं.
परवा तिला वही वाचायची होती.
लुक आफ्टर.
तिनं लिहिलं होतं, नंतर बघू.

हसलो. मीच सगळ्यात जोरात, बाक बडवून.
वही न मिटता ती म्हणाली,
'मले तं हेच बरोबर वाटते, मॅडम.
बाईचा लेक टोरांटोले आहे.
दर रविवारी फोनवर म्हणते,
आय विल लुक आफ्टर यू, मम्मी.
तीन वर्सं झाले.'

खाली तव्यावर काहीतरी पडलं, चर्र झालं.
मॅडमनी बरोबरची खूण केली नाही, चुकीचीही नाही.
लाल पेनला टोपण लावलं.

पुढचा शब्द होता पास अवे.
'अवे म्हणजे कुठं' एवढं म्हणून
खेमराज स्वतःच गप्प झाला.
आपण तरी काय, 'गेले' म्हणतो,
मुक्कामाचं नाव कोणी विचारत नाही.

मला आठवली काटोलची आक्का.
दोन उन्हाळे झाले, सांगून राहिली,
'लीला, पंप पाणी वढत नाही रे.'
कूलरवाल्याची सख्खी बहीण, ओला टॉवेल घेऊन झोपते.
आणि मी दोन्ही उन्हाळे तिला जे उत्तर दिलं
ते प्रमिलाच्या वहीत, सुबक अक्षरात होतं.

उद्या रविवार. सकाळची पहिली बस.
पंप पिशवीत टाकून ठेवला आहे.
टाकला, की ठेवला?
सोमवारी मॅडमना विचारीन.