चोविसावा पाय

रूवीत शुक्रवारची दुपार. एसीचं पाणी बादलीत टपकतं.
टेबलावर बोर्ड, समुद्र गोडा करणाऱ्या प्लांटमधून
भंगारात निघालेला,
त्यावर चाळीस पायांचा झेड-ऐंशी.
सांध्यांवर मिठाची पांढरी बुरशी चढली होती,
ती जुन्या टूथब्रशनं काढली,
हमदुल्यांनी सांगितलं तशी, हिरड्या न दुखवता.

त्याचा कीबोर्ड केव्हाच मेला. तसले आता कुणी बनवत नाही.
म्हणून शेजारी नखाएवढा कंट्रोलर, दीड रियालचा.
म्हातारा हाक मारील, यानं ओ द्यायची,
एवढीच नोकरी.

तो पाच व्होल्टांत बोलतो, याला सव्वातीनच्या वर सोसत नाही,
मध्ये दुभाषी बसवला.
आठ तारा दोघांत सामाईक.
आपलं बोलून झालं की तार सोडायची:
हो नाही, नाहीही नाही, नुसता हात काढून घ्यायचा.
परवा मी ते विसरले. दोघं एकदम बोलले.
शीबा आतून ओरडली, डाळ लागली का गं?

आणि गंमत म्हणजे पोरगा चाळीसपट चपळ,
तरी उशीर त्याचाच.
म्हातारा विचारतो, पळभर बघतो,
तारेवर असेल ते उचलून पुढे जातो. बहुतेकदा कचरा.
पोरग्याचं डोकं तेव्हा भलत्याच कामात.

"वेटचा पाय बघितलास?" हमदुले फोनवर. "चोविसावा.
तो खाली ओढून धर. उभा राहील बिचारा,
एक शब्द बोलायचा नाही."

हाक येताच पाय ओढणारा फ्लिप-फ्लॉप जोडला.
रात्री अकराला जुनी मेमरी
एकेक बाइट करून लॅपटॉपवर उतरली:
पंपांची नावं, अलार्मची वाक्यं, क्षारांच्या मर्यादा,
आणि अगदी तळाशी, कुठल्याच कामाची नसलेली
सहा इंग्रजी अक्षरं.
हमदुल.

शनिवारी ते आले. चष्मा कपाळावर ढकलून वाकले.
"ईप्रॉम जाळायला मलाच बसवलं होतं. नवा होतो.
शेवटचं अक्षर मावलं नाही."
मग म्हणाले, एकोणीस तारखेचं तिकीट झालंय,
तीस किलो सामान,
दाभोळच्या घराला रंग चाललाय.

चहा निवला.
तपासायला म्हणून मी एक वायर हातानं धरली होती,
चोविसाव्या पायापासून जमिनीपर्यंत.
सोडायला हवी होती.