आदल्या रात्री

शनिवारचा शेवटचा तास ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणून
माझ्या नावावर पडला,
कारण पीटीचे सर रिटायर झाले
आणि मैदानात ऑक्टोबरचं ऊन होतं.

आठवी ब. त्रेपन्न पोरं, एक पंखा,
खिडकीपलीकडे यंत्रमागाची खडखड,
घंटा झाली तरी न थांबणारी.
मी फळ्यावर झाड काढलं.
खोडावर दहावी, मग फांद्या:
सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, डिप्लोमा, आयटीआय.
इरेश हत्तुरे म्हणाला, मॅडम, मुळं राहिली.
वर्ग हसला. मीही हसले.
खाली जागाच उरली नव्हती.

फॉर्म वाटले. ‘मला कोण व्हायचे आहे’ पुढे
नऊ जणांनी पोलीस लिहिलं, सहा जणींनी नर्स.
अर्शिया नदाफनं न्यायाधीश लिहिताना
वेलांटी दोनदा खोडली.
साईप्रसाद गज्जमनं लिहिलं, ‘टॉवेल नाही.’
एवढंच. टॉवेल नाही.
मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते,
पण त्या फॉर्मला गुण नसतात.

भाग्यलक्ष्मी येमुलनं रकाना कोरा ठेवला
आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं:
डिप्लोम्याची फी,
वजा शिष्यवृत्ती (मिळाली तर),
अधिक नीलम नगर ते कॉलेज, बसचा पास,
भागिले आईच्या हजार विड्या.
भाग जात नव्हता.
उरलेल्या बाकीभोवती तिनं गोल केला होता, सुबक,
आपण बरोबर उत्तराभोवती करतो तसा.

“शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असतंय ना मॅडम?
मग आधी सांगायचं की.”
सांगायचं होतं.
अर्जाला अकरा दिवस उरले होते
आणि तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला नव्हता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.
बालामणी उंबऱ्याशी, मांडीवर सूप,
तंबाखूच्या वासानं मला शिंक आली
आणि तिघीही उगाच ओशाळलो.
मी बोलत राहिले: सेतू, तहसील, दोन फोटो,
मग नववी, दहावी, तीन वर्षं डिप्लोमा.
आठवी धरून सहा.
तिची बोटं सूत गुंडाळत होती, थांबली नाहीत.
लेकीला तिनं तेलुगूत काहीतरी विचारलं.
लेकीनं एका शब्दात उत्तर दिलं.
बारा वर्षं या गल्ल्यांत शिकवतेय मी,
तो शब्द मला कळला नाही.

मग ती उठली. कोपऱ्यातला पानांचा पुडा
बादलीत बुडवला, निथळला,
ओल्या गोणपाटात गुंडाळून भिंतीशी ठेवला.
“हे उद्याचं,” ती म्हणाली.
“वाळलेलं पान कातरलं तर तुटतंय.
आदल्या रात्रीच भिजवायला लागतंय.”
आणि मागच्या बाकावरच्या पोराला समजवावं तसं, हळू:
“तुम्ही आठवीत सांगलाव मॅडम.
सातवीत सांगायचं हुतं.”

सोमवारी सेतूत सर्व्हर बंद.
मंगळवारी बाई रजेवर.
पायरीवर बसून भाग्यलक्ष्मीनं तोच कागद काढला
आणि गणितात एक ओळ वाढवली:
अधिक हेलपाटे, दोन.
माझ्याकडे बघून दोनाचे तीन केले, पेन्सिलीनं,
खोडता यावेत म्हणून.

बुधवारी मोकळा तास होता.
मी सातवी अ मध्ये गेले.
कोण व्हायचंय, हे विचारलं नाही.
फळा पुसला, खडू तळाशी टेकवला
आणि आधी मुळं काढायला घेतली:
दाखला. तारीख. पास. घरी कोण कमावतं.
फळा अर्धा भरला.
मागून कुणीतरी विचारलं,
“मॅडम, हे काय काढलाव? झाड कुठंय?”