पन्नासावा खडा

नाव बदललं नाही मी.
आईनं ठेवलं होतं गावामागच्या डोंगरावरून,
इद्रिस. तिथं एक राक्षस बसायचा म्हणे, चांदण्या मोजत.
जेद्दाच्या खिडकीतला पोरगा शिक्का मारत म्हणाला,
"वा, पैगंबराचं नाव!"
मी मान हलवली.
दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नाही.

काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा
काहीच झालं नाही.
ताश्कंदचा म्हातारा माझ्यापुढं हुंदके देत होता
आणि मी, बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस,
गर्दी कुठून फुटेल एवढंच बघत होतो.
डाव्या पायाचा अंगठा कुणीतरी तुडवला.
तिसऱ्या फेऱ्यात आकडा चुकलो, पुन्हा धरला.
हावो, जिनं मला कार्डिफला अलिफ-बे गिरवायला लावलं,
निघताना म्हणाली होती,
"रडू आलं नाही तर स्वतःला बोल लावू नकोस."
लावला.

अराफातला दुपार वितळत होती.
पाठ केलेल्या अरबी दुआ
भिजल्या कागदासारख्या विरून गेल्या
आणि तोंडातून आलं ते वेल्श,
रविवारच्या चॅपेलमधलं, आईला खेटून बसून ऐकलेलं,
एकच शब्द, तिचाच, देवासाठीचा.
दचकून इकडंतिकडं पाहिलं.
डावीकडं एक जण घोरत होता.

मग मुजदलिफा. रात्र.
उघड्या माळावर माणसंच माणसं, वाकलेली,
हरभऱ्याएवढे खडे वेचत.
गुडघे टेकले, आणि हातांना माझ्याआधी कळलं:
दगड.
बाबा खाणीत पाटीचा दगड फोडायचे,
शीर ओळखून, छिन्नीच्या एका टिचकीत,
वहीचं पान सुटावं तसा.
धूळ साठत गेली छातीत
आणि शेवटी श्वासाला आत जागा उरली नाही.
त्यांच्या मातीला मी ओठ मिटून उभा होतो.
तेव्हा कुणाचाच नव्हतो मी.

आता एकेक खडा अंगठ्यानं पुसत होतो,
ते पाटी पुसायचे तसाच.
सैतानाला मारायचे दगड,
आणि मी त्यांना गोंजारत, नाक ओढत बसलेलो.
ताश्कंदवाल्यानं टॉर्च धरला माझ्यासाठी.
काही विचारलं नाही.

एकोणपन्नास हवे होते. मोजले तर पन्नास.
जास्तीचा कमरपट्ट्यात सरकवला,
बाबांच्या थडग्यावर ठेवीन म्हणून.
मग काढला,
आणि उचलला होता त्याच खळग्यात परत ठेवला.
खळगा अजून कोमट होता.

वर चांदण्या, दिव्यांमुळे फिकट, थोड्याच.
बाविसापर्यंत आलो
आणि डोळा लागला.